मातृवध, वरदान आणि विस्मृती : रेणुकाकथेच्या पुनःकथनांचा एक विचार

१

उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, शहराला जवळजवळ लागूनच आहे. ह्या गावाच्या आणि त्याच्यासारख्या इतर गावांच्या परिसरात रेणुकेची कथा ग्रंथातून वाचली जाते त्याहून अधिक चौंडक्याच्या साथीने, जोगतिणीच्या तोंडून ऐकली जाते. मार्गशीर्षातील सौंदत्तीची यात्रा आटोपून भाविक परतले, की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर असा साधा नैवेद्य घेऊन आसपासच्या स्त्रिया देवळात येतात. त्या देवीला 'आई' म्हणतात. ह्या आईचे शिर तिच्याच पतीच्या आज्ञेवरून तिच्याच मुलाने उडविले, हेही त्यांना ठाऊक असते. भक्ती आणि वधाची स्मृती ह्या दोन गोष्टी तेथे शेजारीशेजारी नांदतात.

संस्कृत ग्रंथांतील कथेत मात्र असे शेजार नाही. वध झालेल्या स्त्रीला त्या वधाची आठवण राहू नये, अशी तजवीज तेथे कथेनेच केलेली आहे. प्रस्तुत लेखात ह्या तजविजीचा विचार करावयाचा आहे. प्राचीन ग्रीक कथांतील स्त्रियांवर पितृसत्तेने केलेल्या अन्यायाची चर्चा अलीकडे त्या कथांच्या नव्या कादंबरीरूपांच्या निमित्ताने पुष्कळ झाली आहे. ग्रीकांची मातृवधाची कथा रेणुकाकथेशेजारी ठेवली असता, आपल्या प्रदेशातील पुनःकथनांनी काय केले आणि काय करावयाचे राहिले, हे अधिक स्पष्ट होते.

२

महाभारताच्या वनपर्वातील कथा थोडक्यात अशी आहे. प्रसेनजित राजाची कन्या रेणुका ही जमदग्नीची पत्नी. तिला पाच पुत्र. त्यांत राम, म्हणजे पुढे परशुराम म्हणून ओळखला गेलेला, सर्वांत धाकटा. एकदा स्नानाला गेली असता, चित्ररथ नावाचा राजा आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिच्या दृष्टीस पडतो आणि तिचे मन विचलित होते. ती आश्रमात परतते तेव्हा जमदग्नी तिच्याकडे पाहूनच सर्व ओळखतो. तो एकेका पुत्राला मातेचा वध करण्याची आज्ञा देतो. रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू हे चौघे ती पाळत नाहीत. पित्याच्या शापाने ते बुद्धिहीन होतात. राम परशू उचलतो आणि आज्ञा पाळतो. संतुष्ट झालेला पिता वर मागावयास सांगतो. माता पुन्हा जिवंत व्हावी, तिला आपल्या वधाचे स्मरण राहू नये, आपल्याला पाप लागू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत, युद्धात कोणी आपली बरोबरी करू नये आणि दीर्घायुष्य लाभावे, असे राम मागतो. सर्व काही मिळते.

ह्या यादीतील पहिल्या मागणीकडे सहसा पुत्राच्या मातृप्रेमाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. पित्याची आज्ञाही पाळली गेली आणि माताही परत मिळाली, असा तिचा सोयीचा अर्थ लावला जातो. परंतु दुसरी मागणी तिच्यापासून वेगळी काढून पाहिली पाहिजे. मातेला जीवन देणे हे तिच्यासाठी मागितलेले आहे, असे म्हणता येईल. तिची स्मृती काढून घेणे हे कोणासाठी? स्मृती राहिली असती तर रेणुका आश्रमात पतीसमोर आणि पुत्रासमोर कशी वावरली असती, हा प्रश्न कथेला टाळता आला नसता. विस्मृतीमुळे तो उद्भवतच नाही. पुढची मागणी पाप न लागण्याची आहे, हा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या कृत्याची साक्षीदार स्वतः बळी पडलेली स्त्री आहे, त्या कृत्यातून मुक्त होण्यासाठी आधी साक्ष पुसावी लागते.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवी. वनपर्वात ही कथा युधिष्ठिराला सांगतो तो अकृतव्रण हा परशुरामाचाच अनुयायी आहे. म्हणजे महाभारताच्या रचनेत ही हकीगत वध करणाऱ्याच्या बाजूच्या माणसाच्या तोंडी आलेली आहे. त्याने ती खोटी सांगितली, असा ह्याचा अर्थ नाही. चौघा भावांचा नकार त्याने लपविलेला नाही. परंतु रेणुकेच्या मनात काय होते, हे त्याने जमदग्नीच्या दृष्टीनेच सांगितले. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. वधापूर्वी तिला काही विचारले जात नाही आणि वधानंतर विचारण्याजोगे काही उरत नाही.

भागवताच्या नवव्या स्कंधातील पुनःकथन ह्या दृष्टीने तुलनेस घेण्याजोगे आहे. तेथे चित्ररथ हा गंधर्वांचा राजा आहे, रेणुकेची अभिलाषा किंचितच आहे, आणि तिच्या दोषात होमाची वेळ टळल्याची भर पडली आहे. आज्ञा न पाळणाऱ्या भावांचाही तेथे मातेबरोबर वध होतो. सर्वांत महत्त्वाचा फरक असा, की पित्याच्या तपाचे सामर्थ्य राम जाणून होता, असे तेथे सांगितले आहे. ह्या एका उल्लेखाने कृत्याचा अर्थ बदलतो. महाभारतातील राम निमूटपणे आज्ञा पाळतो. भागवतातील राम परिणाम जाणून ती पाळतो. कृत्य तेच राहिले, पण त्याला समर्थन मिळाले. पुनःकथनाची गरज येथे उघड होते : श्रोत्याला जे खुपत होते, त्यावर पुढील कथनकाराने मलमपट्टी केली. खुपत होते हे मात्र त्या मलमपट्टीनेच सिद्ध होते. विस्मृतीचा वर भागवतानेही वगळला नाही. झोपेतून उठावे तशी सर्व मंडळी तेथे उठतात.

ह्याच कथेच्या उत्तरार्धात कार्तवीर्याचे पुत्र जमदग्नीला मारतात आणि परशुराम एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो. पित्याच्या वधाचा हिशेब एकवीस वेळा मागितला जातो. मातेच्या वधाचा एकदाही मागितला जात नाही. दोन वधांच्या मोलातील हे अंतर कथेने कोठेही शब्दांत मांडलेले नाही. ते केवळ रचनेत आहे, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या लक्षात न येता टिकले आहे.

३

ग्रीकांकडे मातृवधाची प्रसिद्ध कथा क्लायटेम्नेस्ट्राची आहे. ईस्किलसने इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्समध्ये सादर केलेल्या तीन नाटकांच्या मालिकेत ती सविस्तर आली आहे. ट्रॉयवर स्वारी करण्यासाठी वारा अनुकूल व्हावा म्हणून ॲगमेम्नॉन राजा आपली कन्या इफिजिनिया हिचा बळी देतो. दहा वर्षांनी तो विजयी होऊन परततो तेव्हा राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याचा वध करते. पुढे अपोलो देवाच्या आदेशावरून पुत्र ओरेस्टीस मातेला मारतो. मातृवधाचा सूड घेणाऱ्या देवता त्याच्या मागे लागतात आणि शेवटी अथेन्समध्ये त्याचा खटला चालतो.

दोन कथांतील भेद प्रथम नोंदविणे इष्ट आहे. क्लायटेम्नेस्ट्राच्या हातून पतीचा वध झालेला आहे. रेणुकेच्या हातून काहीच घडलेले नाही, तिच्या मनात क्षणभर काही आले एवढेच. अपराध आणि शिक्षा यांच्या प्रमाणाच्या दृष्टीने रेणुकेवरील अन्याय अधिक मोठा आहे. ओरेस्टीस माता समोर येताच थबकतो आणि मित्राला विचारतो. राम थबकल्याचे महाभारत सांगत नाही.

तथापि ह्या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत मोठा भेद स्मृतीचा आहे. तिसऱ्या नाटकात क्लायटेम्नेस्ट्राचे पिशाच रंगभूमीवर येते. तिला आपला वध आठवतो. झोपी गेलेल्या सूडदेवतांना ती आपल्या जखमा दाखवून जागे करते. तिच्या ह्या स्मृतीमुळे खटला उभा राहतो. खटल्यात अपोलो असा युक्तिवाद करतो, की माता ही खरी जन्मदात्री नसून पित्याच्या बीजाची केवळ जोपासना करणारी आहे. मते समसमान पडतात; अथेना देवी आपले मत ओरेस्टीसच्या बाजूने देते आणि आपल्याला माता नाही, हे त्याचे कारण सांगते. ओरेस्टीस सुटतो. सूडदेवतांची समजूत घालून त्यांना नगरात पूजेचे स्थान दिले जाते.

हा निवाडा स्त्रीच्या बाजूने झाला, असे कोणी म्हणणार नाही. पितृसत्तेचे इतके उघड समर्थन जगाच्या प्राचीन साहित्यात क्वचितच सापडेल. परंतु ते उघड आहे, ह्यातच त्याचे महत्त्व आहे. युक्तिवाद शब्दांत मांडला गेला, प्रतिपक्ष उभा राहिला, मते मोजली गेली आणि निम्मी विरुद्ध पडली. अन्याय्य निवाड्याचीही नोंद राहते, आणि जिची नोंद आहे त्या गोष्टीवर पुढील पिढ्यांना फेरविचार मागता येतो. रेणुकाकथेत निवाडा नाही, वरदान आहे. वरदानाने प्रश्न मिटतो. त्याविरुद्ध दाद मागण्यास जागा राहत नाही.

युरोप-अमेरिकेतील आजच्या लेखकांना क्लायटेम्नेस्ट्राची कथा पुन्हा सांगणे तुलनेने सोपे का गेले, ह्याचे एक कारण येथे सापडते. कोल्म टोबीनच्या २०१७ मधील कादंबरीत क्लायटेम्नेस्ट्रा स्वतःच्या तोंडून बोलते. जेनिफर सेंटच्या २०२२ मधील कादंबरीत तिच्याबरोबर तिची कन्या इलेक्ट्रा आणि कॅसँड्रा ह्याही निवेदक आहेत. कन्या पित्याचा पक्ष घेते, हे तेथे तिच्याच शब्दांत कळते. कोस्टांझा कासातीने २०२३ मध्ये राणीच्या नावानेच कादंबरी लिहिली. ह्या लेखकांनी क्लायटेम्नेस्ट्राला स्मृती दिली नाही. ती तिच्याजवळ होतीच. त्यांनी त्या स्मृतीचा आरंभ इफिजिनियाच्या बळीपर्यंत मागे नेला. हे काम मोलाचे आहे. मात्र बोलणाऱ्या राणीची बाजू मांडता मांडता तिच्या सूडालाच स्वातंत्र्य मानण्याचा मोह अशा लेखनात संभवतो. तेव्हा वाचकाची दृष्टी आज्ञा देणाऱ्या ॲगमेम्नॉनवरून आणि अपोलोवरून ढळते, ही त्यातील उणीव होय.

४

आता पुन्हा कृष्णा-मलप्रभेच्या प्रदेशाकडे वळावे. ग्रंथांनी पुसलेली स्मृती येथील लोककथांनी वेगळ्या मार्गाने जतन केली आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या कथेत रेणुका रोज वाळूची घागर घडवून, सापाची चुंबळ करून पाणी आणते. तिचे मन ढळते तेव्हा घागर विरघळते. पातिव्रत्याचे असे मोजमाप ग्रंथात नव्हते. लोककथेने ते घडविले आणि स्त्रीवरील पाळत किती बारीक असते, हे नकळत दाखवून दिले. काही कथांत पतीच्या शापाने तिचे शरीर रोगाने विद्रूप होते आणि एक्कय्या व जोगय्या हे सिद्ध तिला बरे करतात. तिने मागितलेली भिक्षा हाच जोगव्याचा आरंभ, असे मानतात. आज्ञा न पाळणारे पुत्र नपुंसक झाले, असेही सांगतात. साडी नेसून देवीचा जग डोक्यावर घेणाऱ्या जोगत्यांची परंपरा तेथून सुरू झाल्याची श्रद्धा आहे. दक्षिणेकडील काही कथांत रेणुकेबरोबर एका अंत्यज स्त्रीचेही शिर उडते आणि जिवंत करताना शिरांची अदलाबदल होते. सौंदत्तीला यल्लम्माच्या परिसरात मातंगीचेही स्थान आहे.

माहूरला देवीचा केवळ मुखवट्याएवढा तांदळा पूजेत आहे. माता जमिनीतून वर येईल, मागे वळून पाहू नकोस, असे सांगितले असताही परशुरामाने पाहिले आणि म्हणून केवळ मुख वर आले, अशी तेथील कथा आहे. ग्रीक वाचकाला येथे ऑर्फियस आठवेल. ह्या कथेत आईसाठी व्याकूळ होणारा पुत्र दिसतो आणि त्या पुत्राच्या चुकीमुळेच आई अपुरी राहते. ग्रंथातल्या निष्पाप पुत्राला लोकमानसाने दिलेले हे सौम्य उत्तर आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) ह्या ग्रंथात रेणुकेचा संबंध भूमी, वारूळ आणि शिरोहीन मातृदेवता यांच्याशी जोडून दाखविला. त्यांचे प्रतिपादन स्वीकारले, तर वधाची कथा ही अधिक प्राचीन अशा स्वयंभू मातृदेवतेला ऋषिपत्नी करून घेण्याच्या प्रक्रियेतील एक टप्पा ठरते.

एवढ्यावरून लोकपरंपरेने रेणुकेला न्याय दिला, असे म्हणता येईल काय? तसे म्हणणे घाईचे होईल. लोकपरंपरेने स्मृती जपली, पण ती जपण्याचे ओझे जिवंत स्त्रियांच्या अंगावर टाकले. मार्गशीर्षातील 'रांडाव पुनवे'ला देवी विधवा होते म्हणून जोगतिणी बांगड्या फोडून घेत. माघातील 'अहेव पुनवे'ला देवी पुन्हा सवाष्ण होते. देवीचे वैधव्य आणि सौभाग्य पतीच्या मरणावर आणि पुनरुज्जीवनावर अवलंबून. तिचा स्वतःचा शिरच्छेद मात्र कोणत्याही पुनवेला नाही. केसांत जट आली की देवीचे बोलावणे आले असे समजून मुलींना देवीला सोडीत, आणि त्यांच्या वाट्याला पुढे बहुधा शोषणच येई. ग्रीक नगराने सूडदेवतांना पूजास्थान देऊन शांत केले. येथे वध झालेल्या स्त्रीला देवी केले आणि तिच्या सेवेसाठी गरीब घरांतील मुली दिल्या. दोन्हीकडे पूजा ही भरपाई म्हणून आली आणि भरपाईचा खर्च हुकूम सोडणाऱ्याने केला नाही.

ह्या प्रदेशाचे वैशिष्ट्य असे, की हा खर्च मोजण्याचे काम साहित्याआधी कायद्याने हाती घेतले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये, कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. जिची साक्ष कथेने घेतली नव्हती, तिच्या सेविकांची साक्ष सभेत ऐकली गेली, हे ह्या इतिहासाचे मोल आहे.

५

मराठी ललित वाङ्मयातील चित्र ह्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. पुराणकथेतील स्त्रीला स्वतःचा आवाज देण्याचा मराठीतील गाजलेला प्रयोग कोल्हापुरातच झाला. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) ह्या कादंबरीत ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठा ह्याही निवेदन करतात. महाभारतातील ययातीकथेचा साचा रेणुकाकथेशी विलक्षण जुळतो. तेथेही पाच पुत्र आहेत. पित्याची अवघड मागणी चौघे नाकारतात आणि शाप भोगतात. धाकटा ती पुरी करतो आणि त्याला सर्व काही मिळते. पित्याची इच्छा योग्य होती काय, ह्यापेक्षा ती कोणी पाळली ह्याला दोन्ही कथा महत्त्व देतात. खांडेकरांनी पित्याच्या वासनेवर कठोर प्रकाश टाकला आणि दोन स्त्रियांना बोलते केले, हे मोठे काम होय. परंतु पुरूचा त्याग त्यांच्याकडेही गौरवाचाच विषय राहिला. नकार देणाऱ्या पुत्रांच्या बाजूने विचार करण्याची वाट मोकळी झाली नाही. रेणुकाकथेतही हेच घडले आहे. आईला मारण्यास नकार देणारे चार भाऊ हे त्या कथेतील खरे धैर्यवान पुरुष होत. परंतु त्यांची नावे अभ्यासकांपलीकडे फार थोड्यांना ठाऊक आहेत.

रेणुकेच्या परंपरेचे सर्वांत थेट चित्रण राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) ह्या कादंबऱ्यांत आले आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील बोलीत लिहिलेल्या ह्या कादंबऱ्यांत देवीला सोडलेली मुलगी आणि जोगता झालेला तरुण हे केंद्रस्थानी आहेत. उत्तम बंडू तुपे यांच्या 'झुळवा'तही जोगतिणीचे जीवन आहे. गवसांच्या कादंबऱ्यांचा आधार घेतलेला 'जोगवा' हा चित्रपट २००९ मध्ये आला. ह्या कृती रूढ अर्थाने पुराणकथेची पुनःकथने नव्हेत; त्यांत जमदग्नी नाही, परशू नाही. तरीही त्यांना रेणुकाकथेची पुनःकथने मानावयास सबळ आधार आहे. घरातील कर्ता पुरुष, गावातील मानकरी आणि देवीचे नाव ह्या तिघांनी मिळून दिलेली आज्ञा; ती मुकाट्याने पाळणारे आप्त; आणि जिच्या शरीरावर ती अंमलात येते ती मुलगी, अशी जुनी मांडणीच तेथे नव्या माणसांनी भरलेली आहे. फरक एवढाच, की येथील मुलीला विस्मृतीचा वर मिळालेला नाही. तिला सगळे आठवते, आणि तिच्या आठवणीतूनच कादंबरी उभी राहते.

म्हणून ग्रामीण कादंबरी म्हणून एका कप्प्यात आणि पौराणिक कादंबरी म्हणून दुसऱ्या कप्प्यात अशी जी विभागणी मराठी समीक्षेने रूढ केली आहे, ती ह्या विषयापुरती तरी तपासून पाहावी लागेल. पौराणिक कादंबरीने राजस्त्रियांना वाणी दिली, परंतु आज्ञेचा प्रश्न पुष्कळदा अस्पर्श ठेवला. ग्रामीण कादंबरीने आज्ञेचा प्रश्न विचारला, परंतु पुराणातील रेणुका मूकच राहिली. देवी म्हणून ती देव्हाऱ्यात आहे. पहाटे पाण्याला गेलेली आणि घरी परतताना भ्यालेली स्त्री म्हणून तिला अद्याप पुरते पाहिले गेलेले नाही.

६

पितृसत्तेने पुराणकथेतील स्त्रीवर केलेला अन्याय मोजताना दोन कसोट्या वेगळ्या ठेवाव्यात, असे ह्या विवेचनावरून सुचविता येते. स्त्री बोलते काय, ही पहिली कसोटी. ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. ज्याने हुकूम दिला त्याला कथेत कोणी जाब विचारते काय, ही दुसरी. क्लायटेम्नेस्ट्राच्या कथेत निवाडा चुकला तरी जाब विचारला गेला. रेणुकेच्या कथेत पित्याच्या प्रसन्नतेपुढे जाब विचारण्याचा प्रसंगच आला नाही, आणि पुत्राने मागितलेल्या विस्मृतीने तो पुढेही येऊ दिला नाही.

ह्यापुढे मराठीत कोणी ही कथा नव्याने सांगू पाहील, तर त्याला देवीची शक्ती वाढवून दाखविण्याची गरज नाही; ती लोकांनी केव्हाच वाढविली आहे. जमदग्नीला केवळ कोपिष्ट ठरवूनही भागणार नाही. कोप ही सबब होऊन बसते. सहा मागण्यांच्या यादीतील ती एक मागणी परत घ्यावी लागेल. रेणुका जागी झाली आणि तिला सर्व आठवत होते, येथून कथा सुरू करावी लागेल. आश्रमात तिच्यासमोर पती आहे, पाच पुत्र आहेत. त्यांतील चौघांनी तिच्यासाठी शाप सोसला आहे आणि पाचव्याच्या हातात परशू आहे. ती प्रथम कोणाकडे पाहील, हे कोणत्याही पुराणाने सांगितलेले नाही. आंबिलीचा नैवेद्य घेऊन येणाऱ्या बायकांना त्याचे उत्तर कदाचित ग्रंथकारांहून अधिक ठाऊक असेल. ते ऐकून टिपून घेणे हे क्षेत्रीय संशोधनाचेही काम आहे.